डावी मूठ

डावी मूठ हातात फिरते,
एवढीच तक्रार.
इंजिन ठीक, बकेट ठीक, तेल कुठं गळत नाही,
फक्त लिव्हरवरचं रबर सैल झालंय.
परवा शेळवणच्या चढावर
मूठ फिरली, हात निसटला,
बूम आपल्याच मनानं वळली
आणि पिएदाद बायच्या गडग्याचे चार चिरे खाली.
चिऱ्यांचे पैसे दिलेत. शिव्यांचे फिटायचेत.

म्हणून साईराज जेसीबी घेऊन आला
कुडचड्याला, माझ्या शेडमध्ये,
आणि म्हणाला, फेविक्विक मारून दे, मला जायचंय.

फेविक्विक मारून देणारे पुष्कळ आहेत.
त्याचा वाळून पापुद्रा होतो, पहिल्या हादऱ्याला तडकतो,
आणि ह्या यंत्राचं काम म्हणजे
सकाळपासून संध्याकाळपर्यंत हादरेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी उघडली.
कडेनं साबणाचं पाणी सोडत,
स्क्रूड्रायव्हरचं पातं आत सरकवत,
केळीचं सोपट सोलावं तशी.
आत सायकलच्या ट्यूबची पट्टी, तांब्याच्या तारेनं आवळलेली.
पट्टीखाली काळी टेप, उन्हानं डांबर झालेली.
टेपखाली वर्तमानपत्राची घडी,
तीवर नारळांचा भाव, शेकडा किती ते नेमकं फाटलेलं.
आणि सगळ्यात खाली लोखंड,
कारखान्यातून आलं तसं निळसर,
ऊन न पाहिलेलं.

एवढ्या जणांनी ही मूठ घट्ट केली होती
आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

ब्लेडनं खरवडलं. स्पिरिटनं पुसलं, दोनदा.
रबर गरम पाण्यात टाकलं,
घरातल्या चहाच्या टोपात
(हे घरी कळू देऊ नका).
मऊ झालं तेव्हा दिसला खळगा.
अंगठ्याचा.
इनासचा.

अकरा वर्षं इनास ह्या सीटवर.
विहिरी, गटारं, देवळाच्या तळीतला गाळ,
चर्चच्या मागचा बांध.
झिजवत झिजवत त्यानं रबरात
अंगठ्यापुरती जागा करून घेतली
आणि मग स्विंडनला गेला.
तिथं गोदामात खोके लावतो, हातमोजे घालून.

साईराजला विचारलं, खळगा कुठल्या अंगाला ठेवू?
तो मोबाइलमध्ये होता.
म्हणाला, ठेव कुठंही.

पुतणीच्या लग्नातला केसांचा स्प्रे उरलाय, अर्धा डबा,
पार्लरवाली विसरून गेलेली.
हसू नका.
ओला असतो तोवर रबर लोण्यासारखं सरकतं,
वाळला की घोरपड.
मधे फक्त वीसेक श्वास.
तेवढ्यात ढकलायचं, दाबायचं, फिरवायचं,
आणि कुठं थांबायचं ते ठरवायचं.

मी ठरवलं नाही.
हात गेला तिकडं गेला.

रात्रभर लिव्हरला बोट लावू नको म्हटलं.
साईराज दातओठ खात भावाच्या स्कूटरवर मागे बसून गेला.

जेवल्यावर इनासचा फोन. असाच, लग्नाचे फोटो पोचले म्हणून.
मुठीचं सांगितलं.
तिकडून बराच वेळ काहीच नाही,
मला वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाला,
सरळ वर नको हां. जरा डावीकडं कललेला हवा,
दहा वाजता लहान काटा असतो तसा.

टॉर्च घेऊन शेडमध्ये गेलो, चपला न घालताच.
दहावर होता.

आठवड्यानं साईराज आला.
मूठ आता हलत नाही म्हणाला, जाम बसलीय,
पण संध्याकाळी अंगठा दुखतो,
जराशी फिरवून देशील?
आता नाही फिरत, म्हटलं.
चिरायची तर नवी घालावी लागेल, पणजीहून आणून.

तो थोडा वेळ उभा राहिला,
अंगठा दुसऱ्या हातानं चोळत.
आणि केबिनमध्ये, म्हणाला,
दुपारी काचा तापल्या की
लग्नाचा वास येतो.